पायांची आग, स्टेम सेल आणि दोन एकर रान

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६२. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जिंतूर तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. अण्णांना १४ वर्षांपासून शुगर आहे आणि तीन वर्षांपासून दोन्ही तळपायांची आग होते, मुंग्या येतात. रात्री पांघरूण पायाला लागलं तरी सहन होत नाही. उलट दिवसा चप्पल निसटून पडली तरी कळत नाही. एनसीव्ही तपासणीत (नसांतून संदेश किती वेगानं जातो ते मोजतात ती) नसा खराब झाल्याचं आलं. तीन डॉक्टर झाले, फरक नाही. आता एका मोठ्या शहरातल्या सेंटरनं स्टेम सेल थेरपी सांगितली आहे. पोटाची चरबी काढून त्याच दिवशी पेशी वेगळ्या करणार, अर्ध्या सलाईनमधून आणि अर्ध्या पायात इंजेक्शननं देणार. असं तीनदा, एकूण ३ लाख ६० हजार. ९० टक्के लोकांना गुण येतो म्हणतात. याच महिन्यात पैसे भरले तर ४० हजार कमी करणार आहेत. दोन एकर रान गहाण टाकायची आमची तयारी आहे. करावं का? सोबत अण्णांची सगळी कागदं जोडली आहेत.
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : भाऊ, आधी सरळ उत्तर. रान गहाण टाकू नका आणि आगाऊ रक्कमही भरू नका. मधुमेहानं खराब झालेल्या नसांच्या दुखण्यावर स्टेम सेल हा आज मान्य झालेला उपचार नाही. दुसरी गोष्ट तुम्ही पाठवलेल्या कागदांवरूनच दिसते : जे उपचार मान्य आहेत, ते अण्णांना अजून नीट मिळालेलेच नाहीत. त्यामुळे ‘सगळं करून झालं, आता हेच उरलं’ ही समजूत आधी मनातून काढा.

चिठ्ठ्यांत काय आहे ते पाहा. पहिल्या डॉक्टरांनी प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-१२चाच एक प्रकार) ७५० मायक्रोग्रॅम अशी एकत्र कॅप्सूल रात्री एक दिली. ती वीस दिवस घेऊन बंद केली. दुसऱ्यांनी तीच कॅप्सूल दुसऱ्या कंपनीची दिली, तीही महिनाभरच. तिसऱ्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. शिवाय मेडिकलवरून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी चालू आहे. म्हणजे डॉक्टर तीन झाले तरी औषध एकच झालं, तेही सुरुवातीच्या मात्रेत. ही मात्रा शरीराला सवय लागावी म्हणून असते. गुण येण्यासाठी ती टप्प्याटप्प्यानं वाढवावी लागते, आणि पुरेशा मात्रेवर काही आठवडे थांबल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही हे सांगता येत नाही.

आता त्या सेंटरचं म्हणणं तपासू. मधुमेहात नसा टोकाकडून खराब होत येतात. सगळ्यांत लांब नसा तळपायाच्या, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तशी ती वर सरकते. पायाच्या नसेची मुख्य पेशी पायात नसते. ती कमरेच्या मणक्याशेजारच्या गाठीत असते आणि तिचा धागा तिथून जवळजवळ मीटरभर खाली जातो. आग होते ती या खराब धाग्यांनी कारण नसताना पाठवलेल्या संदेशांमुळे, आणि वर्षानुवर्षं ते संदेश झेलून मज्जारज्जूही हळवा होतो म्हणून. चरबीतून काढलेल्या पेशी नवी नस तयार करत नाहीत. त्या सूज कमी करणारी आणि नसांना पोषक असणारी द्रव्यं सोडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उंदरांमध्ये त्यानं वेदना कमी झाल्याचेही प्रयोग आहेत. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. सलाईनमधून दिलेल्या पेशींचा मोठा भाग फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतो आणि थोड्या दिवसांत नाहीसा होतो. त्या तळपायापर्यंत जाऊन नस दुरुस्त करतात, असं दाखवणारा भक्कम पुरावा आज नाही.

‘त्याच दिवशी’ या शब्दांकडेही नीट लक्ष द्या. चरबी काढून तिच्यावर कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम टाकतात, ती यंत्रात फिरवतात आणि तळाशी बसलेला गाळ घेतात. त्या गाळात रक्तपेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, संरक्षक पेशी असतात आणि खऱ्या स्टेम सेल थोड्या असतात. त्या वाढवायच्या तर प्रमाणित प्रयोगशाळेत आठवडे लागतात. त्यामुळे दुपारपर्यंत ‘कोट्यवधी स्टेम सेल’ कुठून आल्या, हा प्रश्न विचारायलाच हवा. सोयाबीनची पिशवी घेताना तुम्ही लॉट नंबर पाहता, उगवणशक्ती ७० टक्के आहे का ते पाहता, पक्कं बिल घेता. इथंही तसंच आहे. पेशी किती, त्यातल्या जिवंत किती टक्के, जंतुसंसर्ग नसल्याचा आणि एंडोटॉक्सिनचा (जंतूंच्या विषाचा) अहवाल कुठं आहे, तो कोणत्या प्रयोगशाळेनं दिला, हे प्रत्येक डोसमागे लेखी मागा. जंतूंच्या कल्चरचा अहवाल यायला दिवस लागतात. पेशी त्याच दिवशी टोचणार असतील, तर तो अहवाल हातात येण्याआधीच त्या अण्णांच्या अंगात गेलेल्या असतील.

‘स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय काय होणार’ हेही तुम्हाला सांगितलं असेल. अपाय झालेले आहेत. २०१७ साली अमेरिकेत पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्या पेशी त्यांच्या स्वतःच्याच होत्या. २०१८ साली तिथंच नाळेच्या रक्तापासून केलेल्या इंजेक्शनांनी जंतुसंसर्ग होऊन १२ जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. पक्षाघातानंतर परदेशी जाऊन मणक्यात पेशी टोचून घेतलेल्या ६६ वर्षांच्या एका माणसाच्या मज्जारज्जूत गाठ वाढली, आणि तिच्यातल्या पेशी दुसऱ्या कुणाच्या तरी निघाल्या. ही नोंद २०१६ची. अण्णांच्या बाबतीत आणखी एक काळजी आहे. साखर वाढलेली, पायाला बधिरपणा, आणि त्याच पायात अनेक ठिकाणी सुया. सुईच्या जागी पू झाला तर त्यांना लवकर कळणारही नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण सेंटरशी बोलताना ते उपयोगी पडेल. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची स्टेम सेलबाबतची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ची आहेत. रक्ताच्या आजारांसाठी होणारं बोन मॅरो प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. आपल्याकडे गुडघ्याच्या झिजेसाठी आणि बर्जर आजारात रक्तपुरवठा बंद होत चाललेल्या पायांसाठी एका पेशी-औषधालाही परवानगी मिळाली आहे. ती त्या आजारांपुरती आणि त्या उत्पादनापुरती. त्या परवानगीचा कागद दाखवून मधुमेही नसांसाठी दुसरंच काही टोचणं त्यात बसत नाही. नसांच्या दुखण्यासाठी पेशी द्यायच्या असतील तर ते संशोधन ठरतं. ते क्लिनिकल ट्रायल म्हणूनच, औषध नियंत्रकांच्या आणि नैतिकता समितीच्या मंजुरीनं करावं लागतं. आणि ट्रायलमध्ये त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. ट्रायलमुळे इजा झाली तर औषधोपचार आणि भरपाईची जबाबदारी ट्रायल करणाऱ्यांवर असते, हे २०१९च्या नियमांत आहे.

म्हणून त्यांना एकच गोष्ट विचारा : ‘हा मान्य उपचार आहे की ट्रायल?’ मान्य उपचार म्हणाले, तर या आजारासाठीची औषध नियंत्रकांची मंजुरी दाखवा म्हणा. ट्रायल म्हणाले, तर पैसे कशाचे ते विचारा आणि सीटीआरआय नंबर मागा. सीटीआरआय म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. नंबर टाकल्यावर चार गोष्टी वाचा : आजार कोणता लिहिला आहे, केंद्रांच्या यादीत या सेंटरचं नाव आहे का, नैतिकता समितीच्या मंजुरीची नोंद काय आहे, आणि डीसीजीआय म्हणजे देशाच्या औषध नियंत्रकांच्या मंजुरीपुढं काय लिहिलं आहे. नुसता नोंदणी क्रमांक असणं म्हणजे उपचार लागू पडतो असं नव्हे. कित्येक जण तो क्रमांक प्रमाणपत्रासारखा दाखवतात.

९० टक्क्यांचा दावा तर इथंच मोडतो. नसांच्या दुखण्यावरच्या औषधांचे २२९ अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा निघाला. त्यात बनावट गोळीच्या (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) तुलनेत एका जादा माणसाची वेदना निम्म्यानं कमी व्हायला अमिट्रिप्टिलिनच्या गटातलं औषध साधारण चार जणांना, ड्युलॉक्सेटिनच्या गटातलं सहा-सात जणांना आणि प्रेगाबालिन सात-आठ जणांना द्यावं लागतं, असं दिसलं. जगभर तपासलेल्या औषधांची ही गत आहे. या दुखण्यात बनावट गोळीनंही बऱ्याच जणांना बरं वाटतं, शिवाय ठणका आपोआप चढतो-उतरतो. लोक ठणका चढल्यावर उपचाराला जातात, नंतर तो उतरतो आणि श्रेय इंजेक्शनला मिळतं. तुलनेचा गट नसलेल्या सेंटरला हे वेगळं काढताच येत नाही, मग ९० आकडा आला कुठून?

आता अण्णांचं. हाच भाग महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा कारणं पुन्हा तपासून घ्या. शुगर आहे म्हणून सगळं शुगरमुळेच, असं धरून चालू नये. अण्णा माळकरी आहेत, मांसाहार नाही, आणि १४ वर्षांपासून मेटफॉर्मिन घेतात. शाकाहार आणि मेटफॉर्मिन, दोन्हींमुळे बी-१२ कमी होतं, आणि ते कमी झालं की हुबेहूब अशीच आग आणि बधिरपणा येतो. एवढ्या कागदांत बी-१२ची तपासणी एकदाही दिसली नाही. आता अडचण अशी, की मिथाइलकोबालामिनच्या कॅप्सूल घेतल्यावर रक्तातला आकडा वर दिसू शकतो. म्हणून तपासणीच्या वेळी त्या घेतल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की. २०० ते ३००च्या दरम्यान असेल तर होमोसिस्टीनसारखी पुढची तपासणी लागते. कमतरता निघाली तर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, असा साधारण क्रम असतो. नसांना फरक पडायला महिने लागतात. सोबत टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लघवीतलं प्रथिन आणि हिमोग्लोबिन करून घ्या. त्वचेवर बधिर चट्टा आहे का हेही पाहायला सांगा. कुष्ठरोगाच्या नसांचं दुखणं अजून आपल्या भागात आढळतं आणि त्याचा उपचार मोफत आहे.

त्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं पाकीट उलटून बघा. बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन किती आहे? ते जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानंच नसा खराब होतात. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम चालू असल्या की हे नकळत होतं.

डायक्लोफिनॅक बंद करा. ते सांध्यांच्या सुजेवर चालतं, नसांच्या आगीवर जवळजवळ नाही. मधुमेही माणसाची किडनी मात्र त्यानं लवकर बिघडते. आणि किडनी बिघडली की प्रेगाबालिनही कमी मात्रेत द्यावं लागतं.

साखर आणा खाली, पण सावकाश. अण्णांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ९.४ आहे. घाईनं इन्सुलिन वाढवून तीन महिन्यांत ते दोन अंकांपेक्षा जास्त उतरवलं, तर नसांचा ठणका उलट भडकू शकतो. असं झालं की माणसं घाबरून इन्सुलिनच सोडून देतात.

मग दुखण्याची औषधं. खाली लिहितो ते डॉक्टरांशी बोलायला. स्वतःच्या मनानं सुरू करायला नाही. तीन औषधं मुख्य आहेत. प्रेगाबालिन : रात्री ७५पासून सुरू, साधारण आठवड्यानं ७५ सकाळ-रात्र, आणि सोसलं तर पुढं १५० सकाळ-रात्र. चक्कर, गुंगी, पायावर सूज, वजन वाढणं हे त्याचे त्रास. एकदम बंद करायचं नाही, निदान आठवडाभर उतरवत न्यायचं. ड्युलॉक्सेटिन : जेवणानंतर ३० मिलिग्रॅम, एक-दोन आठवड्यांनी ६०. पहिले काही दिवस मळमळतं, पुढं ओसरतं. लिव्हर खराब असेल किंवा किडनी फार बिघडली असेल तर नको. अमिट्रिप्टिलिन : सगळ्यांत स्वस्त, झोपेच्या दोन तास आधी १० मिलिग्रॅम, दर आठवड्याला १० वाढवत ५०पर्यंत, काहींना ७५पर्यंत. पण अण्णांचं वय पाहता आधी ईसीजी हवा. लघवी अडकत असेल, काचबिंदू असेल, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते टाळतात.

यातलं एक निवडायचं, सोसेल तेवढी मात्रा गाठायची आणि एकूण सहा ते आठ आठवडे द्यायचे. अर्धवट गुण आला तर त्याच्या जोडीला दुसरं थोड्या मात्रेत घालता येतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली मधुमेही नसदुखीच्या १३० रुग्णांवर नेमकं हेच तपासलं होतं. तिन्हींपैकी कुठल्याही औषधानं सुरुवात केली आणि गरजेप्रमाणे जोड दिली, तरी शेवट सारखाच झाला : दहापैकी सरासरी ६.६ असलेली वेदना ३.३वर आली. शून्यावर नाही. अण्णांनाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठाचं पाच झालं तरी ‘फरक नाही’ म्हणून गोळी सुटेल. आठाचं पाच म्हणजे रात्रीची झोप.

ते मोजायला एक वही करा. रोज सकाळी आणि झोपताना दहापैकी किती दुखतं, किती तास झोप लागली, कोणती गोळी किती, चक्कर आली का. चार रकाने पुरेत. डॉक्टरांना ही वही दाखवली की मात्रा वाढवायची की औषध बदलायचं हे तिथंच ठरतं. ती नसली की पुन्हा पहिल्यापासून ७५ची कॅप्सूल हातात पडते.

कॅप्सेसिनचं मलम (०.०७५ टक्के) दिवसातून तीन-चारदा लावता येतं. पहिले काही दिवस तेच भगभगतं, लावल्यावर हात साबणानं धुवायचे, जखमेवर लावायचं नाही. पाय गरम पाण्यात किंवा बर्फात घालू नका, शेकोटीशी धरू नका. अण्णांना किती तापलं ते कळत नाही, आणि फोड आल्यावरच दिसतं.

एक गोष्ट औषधांनी बदलणार नाही, आणि स्टेम सेलवाल्यांनी तिचा उल्लेखही केलेला नसेल : गेलेली संवेदना. आग कमी झाली तरी बधिरपणा राहतो, आणि पाय कापायची वेळ येते ती बधिरपणामुळे. तूर काढल्यावर रानात जी धसकटं उभी राहतात ती पातळ चपलेतून आरपार जातात. बधिर तळव्याला ते कळत नाही, मोजे नसल्यानं रक्तही मातीत जिरतं, आणि चार दिवसांनी वास आल्यावर घरच्यांना समजतं. म्हणून रानात बंद, जाड तळाचे बूट घालायचे, आणि घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा. घरातही एमसीआर (मऊ रबराच्या) तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल. दिंडीला जाणार असतील तर अनवाणी नाही. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवरही नाही. रोज रात्री दिव्याखाली तळवे आणि बोटांच्या बेचक्या कुणीतरी पाहायच्या. पाय गरम, लाल आणि सुजलेला पण दुखत नसेल, किंवा लहानशी का होईना जखम असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. एकाच पायात ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, आठवड्याभरात झपाट्यानं वाढणारा अशक्तपणा, हीही थांबण्याची दुखणी नाहीत.

जायचं कुठं? परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत केस पेपर काढा. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि एनसीव्हीचा अहवाल तारखेनं लावून न्या. तिथून गरज वाटली तर नसांच्या तज्ज्ञाकडे छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात पाठवतील. प्रत्येक वेळी नव्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन-तीन महिने टिकणं अण्णांसाठी जास्त मोलाचं आहे. ही तिन्ही औषधं जेनेरिकमध्ये मिळतात, जनऔषधी केंद्रात विचारा. महिन्याचा खर्च शेकड्यांत राहतो.

तीनही औषधं नीट वापरून काही महिन्यांत गुण आला नाही, तर पुढची पायरी वेदना-तज्ज्ञ डॉक्टर. मज्जारज्जूजवळ विजेच्या तारा बसवून वेदना दाबणारं यंत्र मधुमेही नसदुखीसाठी अमेरिकेत २०२१पासून मंजूर आहे. ते महाग आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, पण त्यामागं तुलनात्मक चाचणी आहे. आणि पेशींच्या एखाद्या खऱ्या, मंजूर, बिनपैशाच्या ट्रायलमध्ये अण्णांना घेत असतील, तर संमतीपत्र मराठीत मागून घरी आणा, नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि मग ठरवा. त्याला आमची हरकत नाही.

सेंटरला काही रक्कम आधीच दिली असेल तर पावती जपून ठेवा. ९० टक्क्यांचा दावा आणि सवलतीचा मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढा, आणि रक्कम परत मिळावी म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवता येते, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. डॉक्टरांविषयीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि पेशींविषयीची अन्न व औषध प्रशासनाकडे जाते.